छंदाचा पैसा कुठल्या रकान्यात?

परभणी जिल्ह्यातल्या पालम तालुक्यात अखंड हरिनाम सप्ताह होत नाही असं गाव शोधावंच लागेल. सप्ताहात कीर्तनकाराला बिदागी मिळते, मृदंगाचार्याच्या आणि पेटीवाल्याच्या हातावर पाकीट ठेवलं जातं. पेटीवाला एरवी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असतो, मृदंग वाजवणारा सोयाबीन नि कापूस पिकवतो. दोघांनाही विचारलं तर उत्तर एकच: हा आपला नाद आहे, धंदा नव्हे. गावात हे उत्तर पुरतं. आयकर खात्यापुढे मात्र ते अर्धवटच ठरतं.

भारताच्या आयकर कायद्यात ‘छंद’ नावाचं उत्पन्नच नाही. १९६१ च्या कायद्याच्या कलम १४ मध्ये उत्पन्नाची पाच शीर्षं दिली आहेत: पगार, घरभाडं, धंदा किंवा व्यवसाय, भांडवली नफा आणि ‘इतर स्रोत’. पहिल्या चारांत न बसलेलं सगळं पाचव्यात जातं. छंदातून आलेला रुपया परिस्थितीप्रमाणे शेवटच्या तीनपैकी कुठेही पडू शकतो, आणि तो कुठे पडला यावर कर किती, खर्च किती वजा होणार, कोणता फॉर्म भरायचा हे सगळं ठरतं. (या लेखातली कलमं १९६१ च्या कायद्याची आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले. ‘मागील वर्ष’ आणि ‘कर-निर्धारण वर्ष’ ही दशकानुदशकं लोकांना गोंधळात टाकणारी जोडीही गेली, तिच्या जागी एकच ‘कर वर्ष’ आलं. छंदाला स्वतंत्र जागा मात्र नव्या कायद्यातही मिळालेली नाही.)

एके काळी कायदा अशा पैशाकडे काणाडोळा करत असे. कलम १० च्या तिसऱ्या पोटकलमात आकस्मिक, पुन्हा पुन्हा न येणाऱ्या प्राप्तीला सूट होती. मुळात ती पूर्ण होती. १९७२ च्या वित्त कायद्याने तिला वर्षाला १,००० रुपयांची मर्यादा घातली, पुढे ती ५,००० झाली आणि २००२ च्या वित्त कायद्याने तरतूदच काढून टाकली. ५,००० रुपये ही काही मोठी रक्कम नव्हती. तरी दिवाळी अंकातल्या एका कथेचं मानधन, आकाशवाणीच्या परभणी केंद्रावर भजन गायल्याचे पैसे, चित्रकला स्पर्धेचं बक्षीस अशा चिल्लर गोष्टी तिच्या आडोशाला राहत. आता पहिल्या रुपयापासून हिशेब द्यायचा, असं कायदा सांगतो. तो कोणी देत नाही हा भाग वेगळा.

छंदाच्या बक्षिसावर कर लागतो की नाही, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये दिला. प्रकरण होतं कोइमतूरचे जी. आर. कार्तिकेयन यांचं. फॉर्म्युला वन शर्यतीत उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, याचे हे वडील. अखिल भारतीय हायवे मोटर रॅलीत त्यांनी पहिला क्रमांक मिळवला. सुमारे ६,९५६ किलोमीटरची ही फेरी खासगी गाड्यांसाठी होती. इंडियन ऑइलकडून २०,००० आणि संयोजकांकडून २,००० असे २२,००० रुपये त्यांना मिळाले. त्यांचं म्हणणं साधं होतं: गाडी चालवणं हा आपला धंदा नाही, आणि रॅली ही शर्यतही नाही, ती सहनशक्तीची परीक्षा आहे. मद्रास उच्च न्यायालयाला ते पटलं. सर्वोच्च न्यायालयाला पटलं नाही. कायद्यातली ‘उत्पन्ना’ची व्याख्या समावेशक आहे, त्यात लॉटरी आणि शर्यतीचा उल्लेख आहे म्हणून बाकीचं बाहेर पडत नाही, कौशल्य आणि चिकाटी दाखवून मिळवलेलं बक्षीस हे उत्पन्नच, असं न्यायालयाने ठरवलं. रॅली शर्यत आहे की नाही, हा मुद्दाच त्यामुळे बाजूला पडला.

गंमत अशी, की त्याच्या सात वर्षं आधी, २२ जानेवारी १९८६ रोजी, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक क्रमांक ४४७ काढलं होतं. जो खेळाडू व्यावसायिक नाही त्याला मिळालेला पुरस्कार भेटीच्या किंवा वैयक्तिक गौरवाच्या स्वरूपाचा असतो, म्हणून त्यावर कर नाही, असं त्यात म्हटलं आहे. कार्तिकेयन यांचं प्रकरण त्याआधीच्या वर्षांतलं. जत्रेतल्या फडात कुस्ती मारणारा, एरवी शेती करणारा पैलवान या परिपत्रकाकडे बोट दाखवू शकतो. मात्र दर जत्रेला ठरवून जाणारा, मानधन ठरवून कुस्त्या करणारा पैलवान हौशी म्हणायचा का, हे शेवटी त्याच्या वह्याच सांगतील. बहुतेक पैलवानांकडे वह्या नसतात.

शंकरपटाचं गणित आणखी अवघड आहे. महाराष्ट्राने बैलगाडा शर्यतींसाठी २०१७ मध्ये केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरवला आणि पट भरवण्यातली कायदेशीर अडचण संपली. बक्षिसात मोटारसायकल आणि ट्रॅक्टरही दिसू लागले. कलम ११५बीबी लॉटरी, शब्दकोडं, पत्त्यांचे डाव, जुगार आणि ‘घोड्यांच्या शर्यतीसह’ कुठलीही शर्यत यांतल्या जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर लावतं. त्यातून खर्च वजा होत नाही, करमुक्त मर्यादा नाही, सवलतही नाही. शर्यतीचे घोडे बाळगणाऱ्या मालकाला मात्र या कलमातून वगळलं आहे. त्याच्या दाणागोट्याचा आणि जॉकीचा खर्च कायद्याने लक्षात घेतला. बैलाच्या मालकाला पेंड, खुराक आणि गड्याची मजुरी यांची तशी सोय कुठेच लिहिलेली नाही. मग त्याचं बक्षीस ‘शर्यती’तलं धरायचं की कार्तिकेयन यांच्यासारखं कौशल्याचं? दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो. कायदा लिहिणाऱ्यांनी महालक्ष्मीचं रेसकोर्स पाहिलेलं होतं, मराठवाड्यातला पट पाहिलेला नव्हता, एवढं मात्र त्यातून उघड दिसतं.

हौशी आणि व्यावसायिक या भेदाचं सगळ्यात नवलाचं उदाहरण मुंबईचंच आहे. सचिन तेंडुलकर यांना ईएसपीएन स्टार स्पोर्ट्स, पेप्सी आणि व्हिसा यांच्याकडून परकीय चलनात सुमारे ५ कोटी ९२ लाख रुपये मिळाले होते. त्यावर त्यांनी कलम ८०आरआर खाली सुमारे १ कोटी ७७ लाखांची वजावट मागितली. हे कलम लेखक, नाटककार, कलावंत, संगीतकार, नट आणि खेळाडू यांच्या परदेशी कमाईसाठी होतं. खात्याने हरकत घेतली: तुमचा व्यवसाय क्रिकेट, जाहिराती हे त्याचं शेपूट. तेंडुलकर यांच्या बाजूने उत्तर आलं, की ते व्यावसायिक क्रिकेटपटू नाहीतच. व्यवसाय जाहिरातींतल्या अभिनयाचा आहे, तर क्रिकेटची कमाई ‘इतर स्रोत’ या शीर्षाखाली दाखवली आहे. मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने मे २०११ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. माणसाला एकाहून जास्त व्यवसाय असू शकतात आणि कॅमेऱ्यापुढे उभं राहायला कल्पकता व कसब लागतं, असा त्याचा आशय. ज्याच्या बॅटिंगसाठी पालमपासून पेणपर्यंत कामं थांबत, त्याचं क्रिकेट करदप्तरी हौशी खेळाडूच्या रकान्यात होतं.

या निकालात हसण्यासारखं असलं तरी त्यामागचं तत्त्व पक्कं आहे. माणूस कशासाठी ओळखला जातो, याच्याशी खात्याला फारसं देणंघेणं नाही. पैसा कुठून, किती नियमाने आणि कशाच्या मोबदल्यात आला, एवढंच ते पाहतं.

आता कीर्तनाकडे यावं लागतं. गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव पालमला लागूनच, आणि या पट्ट्यात कीर्तनाला श्रोता कमी पडत नाही. वारकरी परंपरा म्हणते, कीर्तनाचा मोबदला घेऊ नये. व्यवहारात बिदागी असतेच, आणि नावाजलेल्या महाराजांच्या तारखा वर्षभर आधी ठरतात. यातलं काय करपात्र? सर्वोच्च न्यायालयाचा १९५८ चा पी. कृष्ण मेनन यांचा निकाल इथे अगदी चपखल बसतो. मेनन त्रावणकोरचे निवृत्त पोलीस अधिकारी, पुढे आत्मानंद या नावाने ओळखले गेलेले वेदान्ती. ते शिष्यांना वेदान्त शिकवत आणि त्याची फी घेत नसत. लेव्ही नावाचा एक इंग्रज शिष्य स्वखुशीने त्यांच्या खात्यात पैसे भरत असे. मेनन म्हणाले, ही प्रेमाची भेट आहे. न्यायालयाने म्हटलं, वेदान्त शिकवणं हा ‘व्होकेशन’ आहे, कायद्यातल्या ‘व्यवसाया’त तो येतो, आणि त्यासाठी नफ्याचा हेतू असण्याची गरज नाही. पैसा त्या शिकवण्यातून आला, म्हणून तो उत्पन्न.

याच्या उलट टोकाला १९६१ चा महेश अनंतराय पट्टणी यांचा निकाल आहे. भावनगरच्या महाराजांनी आपल्या माजी दिवाणांना ५ लाख रुपये दिले होते. ते सेवेचा मोबदला नसून आपुलकीची भेट आहे, म्हणून करमुक्त, असं तिथे ठरलं. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की बिदागीचं चित्र स्पष्ट होतं. सात दिवसांच्या सप्ताहात सेवा ठरवून मिळालेलं पाकीट मेनन यांच्या बाजूला जातं. महाराजांच्या एकसष्टीला जुन्या यजमानाने दिलेली शाल पट्टणींच्या बाजूला जाऊ शकते.

शाल चालेल, पण थैलीचं काय? २००४ पासून नातेवाइकांखेरीज इतरांकडून आलेल्या पैशाच्या भेटीवर कर आला. आजची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे आणि ती ओलांडली की वरचीच नव्हे, संपूर्ण रक्कम करपात्र होते. गावाने वर्गणी काढून ज्येष्ठ भजनी बुवांना लाखभर रुपयांचा गौरवनिधी दिला, तर भावना कितीही निर्मळ असली तरी पूर्ण लाख ‘इतर स्रोतां’त जातो. सरकारने सार्वजनिक हितासाठी सुरू केलेले किंवा केंद्राने मान्यता दिलेले पुरस्कार कलम १०(१७ए) खाली करमुक्त आहेत. गावच्या प्रतिष्ठानाच्या पुरस्काराला ही मान्यता बहुधा नसते आणि ती मागावी हे प्रतिष्ठानाच्या कार्यकारिणीला सुचतही नाही.

बालकीर्तनकारांची एक वेगळीच गोष्ट आहे. अज्ञान मुलाचं उत्पन्न कलम ६४(१ए) प्रमाणे आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवतात. पण मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीने किंवा कौशल्य, प्रतिभा, विशेष ज्ञान वापरून मिळवलेलं उत्पन्न त्यातून वगळलं आहे. दहा वर्षांच्या मुलाने अभंग सोडवून मिळवलेली बिदागी त्याची स्वतःची. ती बँकेत ठेवली की तिचं व्याज मात्र पुन्हा आईबापाच्या उत्पन्नात.

लेखकांवर कायद्याची थोडी मर्जी आहे. कलम ८०क्यूक्यूबी साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय पुस्तकाच्या मानधनावर ३ लाखांपर्यंत वजावट देतं. पाठ्यपुस्तकं, गाइडं आणि नियतकालिकं त्यातून वगळली आहेत. ही सवलत जुन्या करप्रणालीतच आहे. मराठी कवीला तिचा उपयोग किती, हे ज्याने स्वखर्चाने संग्रह छापून प्रती वाटल्या आहेत त्याला विचारावं. परभणी जिल्ह्याच्या साहित्याचा मोठा भाग नोकरी सांभाळून लिहिला गेला आहे. बी. रघुनाथ (१९१३–१९५३) निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि कविता, कथा, कादंबऱ्या हे सगळं त्या नोकरीतून उरलेल्या वेळात झालं. त्यातला बहुतेक काळ इकडे भारताचा आयकर नव्हताच. हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा आयकर कायदा १३५७ फसली सालचा, म्हणजे स्वातंत्र्याच्या आसपासचा, आणि भारताचा आयकर मराठवाड्याला लागला तो १९५० पासून.

निजामाचा विषय निघाला तर नाण्यांचाही घ्यायला हवा. हाली सिक्क्याचे रुपये जपून ठेवणारे हौशी संग्राहक मराठवाड्यात पुष्कळ आहेत. संग्रहातलं एखादं नाणं विकलं तर तो भांडवली नफा. घरगुती वापराच्या वस्तू कायद्याने भांडवली मालमत्तेतून वगळल्या आहेत, पण दागिने आणि, २००७ च्या वित्त कायद्यापासून, पुराणवस्तूंचे संग्रह, चित्रं, शिल्पं या सवलतीबाहेर आहेत. दोन वर्षांहून जास्त काळ बाळगलेल्या वस्तूवर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के कर लागतो. दर रविवारी नाणी घेऊन विकणाऱ्याला मात्र संग्राहक म्हणत नाहीत, तो व्यापारी झाला. हा फरक करताना न्यायालयं अजूनही १९५९ च्या जी. व्यंकटस्वामी नायडू निकालाकडे वळतात. वस्तू कोणती, किती घेतली, किती वेळा विकली, घेतानाच विकायचा हेतू होता का, की बाळगण्यातच आनंद होता, अशा खुणा तिथे तपासल्या आहेत. शंभर वर्षांहून जुनी नाणी विकण्याचा धंदा करायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचा परवानाही लागतो, आणि तो मुद्दा करापेक्षा जास्त महागात पडू शकतो.

पालमसारख्या तालुक्यात सगळ्यात जास्त गैरसमज शेतीच्या कडेने असतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून शेतात जे काही केलं ते करमुक्त, असं सर्रास धरलं जातं. हौस म्हणून परसात गुलाबाची नर्सरी केली तर ते शेतीचंच उत्पन्न. २००८ च्या वित्त कायद्याने रोपवाटिकेला तसं स्पष्ट स्थान दिलं. पण मधाच्या पेट्या, गावरान कोंबड्या, दोन म्हशींचं दूध किंवा रेशमाचे कोष यांना ही सूट नाही, तुती स्वतःच्या रानातली असली तरी. अळिंबीबाबत हैदराबादच्या न्यायाधिकरणाच्या विशेष पीठाने २०१८ मध्ये करदात्याच्या बाजूने कौल दिला, तोही बराच वाद होऊन.

शिवाय करमुक्त शेती अगदीच मूक नसते. डॉ. के. एन. राज समितीच्या सूचनेनुसार १९७३ पासून शेतीचं उत्पन्न दर ठरवण्यापुरतं मोजलं जातं. समजा एका प्राध्यापकाचं पगाराचं करपात्र उत्पन्न साडेबारा लाख, चित्रं विकून आलेले ५०,००० आणि शेतीचे ३ लाख आहेत. शेती नसती तर नव्या प्रणालीत १३ लाखांवर ७५,००० रुपये कर बसला असता. शेती धरली की १६ लाखांवरचा कर १,२०,००० होतो, त्यातून ७ लाखांवरचे १५,००० वजा होतात आणि देणं १,०५,००० वर जातं. शेतीवर एक पैसाही कर लागला नाही, तरी तिने ३०,००० वाढवले.

आणि मग बारा लाखांची वेस. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. पगारदाराला प्रमाणित वजावटीमुळे ही रेषा पावणेतेरा लाखांवर जाते. या रेषेवर बरोबर उभ्या असलेल्या एखाद्या शिक्षकाने हार्मोनियमच्या साथीतून ५०,००० रुपये मिळवले, तर काय होईल? तक्त्याप्रमाणे कर ६७,५०० येतो. रेषेवरच्या रकमेपेक्षा जास्त कर नको म्हणून कायदा तो ५०,००० वर थोपवतो, आणि वर ४ टक्के उपकराचे २,००० लावतो. पेटी वाजवून ५०,००० मिळाले आणि सरकारला ५२,००० गेले. कमाई सुमारे ७४,००० च्या पुढे सरकल्यावरच हातात काही उरायला लागतं. हे अपवादात्मक उदाहरण आहे, पण काल्पनिक नाही. सेवेची वीस-पंचवीस वर्षं झालेले कितीतरी कर्मचारी या रेषेच्या आसपासच आहेत.

याच शिक्षकाने साथ न करता शाडूचे गणपती विकले असते आणि पैसे यूपीआयने घेतले असते, तर हिशेब पार बदलतो. कलम ४४एडी प्रमाणे छोट्या धंद्याला डिजिटल उलाढालीच्या किमान ६ टक्के, रोखीच्या ८ टक्के नफा दाखवून मोकळं होता येतं, वह्या ठेवाव्या लागत नाहीत. ५०,००० वर तो किमान नफा ३,००० येतो. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायला हवा हे खरं, पण शीर्ष बदलल्याने केवढी तफावत पडते ते यातून दिसतं. साथीदाराला मात्र ‘इतर स्रोतां’त कलम ५७ खाली निव्वळ त्या कमाईसाठी झालेला खर्च, म्हणजे प्रवास, पेटीची दुरुस्ती, एवढाच वजा करता येईल, तोही पावतीनिशी. सप्ताहाच्या गावाला जाणाऱ्या जीपवाल्याकडे पावती मागून पाहावी.

समाजमाध्यमांनी या जुन्या प्रश्नाला नवी धार आणली आहे. गोदावरीच्या पात्रातलं जांभूळबेट, तिथले मोर आणि जांभळीची दाटी यांचे व्हिडिओ टाकणाऱ्या तरुणाला जाहिरातींचे पैसे डॉलरच्या हिशेबाने येतात. २०२१ पासून यूट्यूब अमेरिकन प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर तिथला कर कापतं. डब्ल्यू-८ बेन फॉर्म भरला तर भारत-अमेरिका करारामुळे तो १५ टक्के असतो. न भरल्यास कपात जगभरच्या कमाईवर होऊ शकते. हा कर भारतात फॉर्म ६७ भरून वळता करता येतो, पण इथला कर शून्य असेल तर वळता करायला काही उरतच नाही आणि तो पैसा गेला म्हणायचा. कंपनीने परीक्षणासाठी पाठवलेला मोबाइल ठेवून घेतला तर तोही उत्पन्नच. अशा वस्तूंची किंमत वर्षाला २०,००० च्या वर गेली की १ जुलै २०२२ पासून १० टक्के टीडीएस लागतो. मोबाइल परत केला तर नाही. अलीकडे विवरणपत्राच्या व्यवसायांच्या यादीत ‘सोशल मीडिया इन्फ्लुएन्सर’ला स्वतंत्र जागा मिळाली आहे. कीर्तनकाराला ती अजून मिळायची आहे.

जीएसटीने मात्र लोककलावंतांना बरं वागवलं आहे. सेवेची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही, आणि लोककला किंवा शास्त्रीय संगीत, नृत्य, नाट्य यांच्या कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर ते करमुक्तच आहे. भारूड, गोंधळ, शाहिरी या सवलतीत येतात. ऑर्केस्ट्रा येत नाही.

परदेशात या प्रश्नाची उत्तरं वेगवेगळी आहेत. अमेरिकेने १९६९ मध्ये कायद्यात कलम १८३ घातलं, कारण तिथले श्रीमंत लोक हौसेने घोडे पाळत आणि त्यातला तोटा बाकीच्या उत्पन्नातून वजा करत. पाचपैकी तीन वर्षं नफा झाला तर धंदा मानायचा, घोड्यांच्या बाबतीत सातपैकी दोन, असा आडाखा तिथे आहे. २०१८ पासून छंदाचा खर्च वजाच होत नाही, कमाई मात्र पूर्ण करपात्र आहे. ब्रिटनने एप्रिल २०१७ पासून १,००० पौंडांपर्यंतची अशी किरकोळ कमाई सोडून दिली. आयर्लंडने १९६९ मध्ये लेखक-कलावंतांच्या कमाईला करमाफी दिली, आज तिला ५०,००० युरोंची मर्यादा आहे.

भारताला छंदाची व्याख्या करावी लागली नाही, याचं एक कारण इथे सापडतं. अमेरिकेची अडचण तोट्याची होती. आपल्याकडे शेती करमुक्त असल्याने तिचा तोटा कुठे वळवता येत नाही, आणि २००४ च्या बदलानंतर धंद्याचा तोटा पगारातूनही वजा होत नाही. मोठ्यांची वाट अशी आधीच बंद असल्यामुळे छंद म्हणजे काय, हे ठरवण्याची घाई कोणालाच नव्हती. त्याची किंमत लहान माणूस देतो. ब्रिटनसारखी, वर्षाला २५,००० किंवा ५०,००० रुपयांपर्यंतची किरकोळ कमाई विचारायचीच नाही अशी तरतूद परत आणली, तर सरकारचं फार जाणार नाही आणि बारा लाखांच्या वेशीवरचा पेटीवालाही वाचेल. २००२ मध्ये काढून टाकलेली तरतूद महागाईच्या मानाने वाढवून ठेवली असती, तर हा प्रश्नच आला नसता.

तोवर नोकरदारांना कराइतकाच सेवानियमांचाही विचार करावा लागतो. राज्य कर्मचाऱ्यांना १९७९ चे, तर जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत. खासगी धंद्याला आधी परवानगी लागते. प्रसंगोपात्त साहित्यिक किंवा कलात्मक कामाला राज्याच्या नियमांत मोकळीक आहे. म्हणून बरेच जण ही कमाई ‘धंदा’ शीर्षाखाली दाखवायला बिचकतात, किंवा चॅनेल पत्नीच्या नावावर काढतात. व्हिडिओ ती खरोखर करत असेल तर उत्पन्न तिचंच. नुसतं नाव तिचं असेल, तर पैसा ज्याच्या कामातून आला त्याच्याच उत्पन्नात तो धरला जातो.

आणि लपवणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. नोव्हेंबर २०२१ पासून वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, बँकेचं व्याज, टीडीएस आणि मोठे व्यवहार करदात्याच्या पॅनखाली आपोआप जमा होतात. पगारदार माणूस सवयीने आयटीआर-१ भरतो. त्यात धंद्याचं उत्पन्न दाखवायची जागाच नाही, त्यासाठी आयटीआर-३ किंवा ४ लागतो, आणि शीर्ष जुळलं नाही की खात्याचा संदेश येतो. याचा उलटाही अनुभव येतो: प्रकाशकाने किंवा कंपनीने १० टक्के कापून पाठवलेलं मानधन अनेक जण तसंच सोडून देतात. एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल तर तो कापलेला पैसा परत मिळतो, पण विवरणपत्र भरल्याशिवाय नाही.